दुसरी थप्पड

इनास, तू खाली आहेस. अगदी माझ्या सीटखाली नसशील, पण याच विमानाच्या पोटात, लोकांच्या सुटकेसांच्या आणि दोरीनं आवळलेल्या टीव्हीच्या खोक्यांच्या शेजारी, झाकण ठोकून बंद केलेल्या पेटीत. मी वर खिडकीपाशी बसलोय. विमान चढायला लागलं तशी माझ्या उजव्या कानात शिटी सुरू झाली. ती तुझी शिटी आहे. तू मारल्यापासून ती आहे.

तुला उजव्या हाताची दोन बोटं मिटता येत नव्हती आणि मला उजव्या कानानं अर्धंच ऐकू येतं. दोन्ही एकाच दुपारी झालं, त्याच फ्लॅटमध्ये. तुझा हात बाटलीनं फाडला आणि माझा कान तू फोडलास. त्यानंतर आपण भेटलो, जेवलो, एकमेकांना मेसेज केले, पण त्या दुपारबद्दल तू बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही. मला एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी तू मला मारलंस ते मला वाचवायला, की राग आला म्हणून? एवढं कळलं असतं तर मी तुझ्याकडे मोकळ्या मनानं बघू शकलो असतो. तू हॉटेलच्या कोल्ड रूमच्या दारात कोसळलास, आतला बर्फ आणि बाहेरचं पंचेचाळीसचं ऊन यांच्या मधल्या उंबऱ्यावर, आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

आता लिहायला हरकत नाही. राजीनामा मी आधीच दिला होता, व्हिसा रद्द झालाय, तिकीट काढलेलं होतं ते तुझ्यासाठी अलीकडे ओढलं. तुझा भाऊ फोनवर म्हणाला, "तो एकटा नको यायला." म्हणून बरोबर आलो. घरात बिअर करायला त्या देशात परवानगी नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला आता कोणी नोकरीवरून काढू शकत नाही. तुला तर कोणीच काही करू शकत नाही.

मी परतूरहून दुबईला आलो तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.चं सर्टिफिकेट होतं आणि तोंडात एकही धड इंग्रजी वाक्य नव्हतं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बापाचं सायकल पंक्चरचं दुकान. सर्टिफिकेटची झेरॉक्स त्यांनी दुकानात पंपाच्या वर लावली होती, तिला वंगणाची बोटं लागलेली. अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये एक खाट रिकामी आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो, आणि दार उघडणाऱ्याच्या हातात सुरा होता. तू हॉटेलच्या बुचरीत कामाला, घरीही स्वतःचं मटण स्वतः तोडायचास. मला वरपासून खालपर्यंत बघितलंस.

"शिकलेला आहेस?"

"हो, इनासदादा. बी.एस्सी. केमिस्ट्री."

"दादा-बिदा म्हणालास तर लाथ घालीन. ग्रॅज्युएट, चप्पल बाहेर काढ."

तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. माझं खरं नाव तू फक्त शिवी देताना घ्यायचास.

तुझ्यासारखा रागीट माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडे लोक भांडतात, पण आधी अर्धा तास बोलून गरम होतात. तुला वेळ लागायचा नाही. कपडे धुवायचं मशीन हललं की तू त्याला लाथ घालायचास आणि मशीन पुन्हा हललं की तुला वाटायचं ते उलटून बोलतंय. ताटं फोडलीस. कपाटाच्या दाराला तुझ्या मुठीची खूण होती, पोचा पडलेला, त्यावर तू वसईच्या देवळाचं, म्हणजे तुमच्या चर्चचं, कॅलेंडर लावलं होतंस. पण माझा इंटरव्ह्यू जवळ आला तेव्हा तू मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलंस, समोर लाकडी ओंडका, त्यावर बकऱ्याची मांडी. "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मी चुकलो की सत्तूर ओंडक्यात. धाड. "आय हॅज कम्प्लिटेड..." धाड. "हॅज नाही, हॅव. पुढे जा." धाड. मटणाचे तुकडे भिंतीवर उडायचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या रंगाच्या कारखान्यात मला क्वालिटी लॅबमध्ये घेतलं तेव्हा समोर तीन माणसं सुटाबुटात बसली होती आणि मला त्यांची अजिबात भीती वाटली नाही. त्यांच्या हातात सत्तूर नव्हता. बापानं झेरॉक्स लावली होती, पण तिचा उपयोग तू करून दिलास. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू काहीतरी फेकून मारलं असतंस.

बिअरचं वेड तुझं. नाताळला आई घरी वाइन करते, बरणीला हात लावून सांगते झाली की नाही, मग मी बिअर का नाही करू शकत, असं तुझं म्हणणं. दुकानात मिळते की, मी म्हटलं.

"विकत घेणारे सगळेच आहेत. वसईला परत गेल्यावर मी लोकांना माझी पाजणार. परवाना काढून, बोर्ड लावून. इथं हात बसवून घेतो."

हात बसवून घेतो. तूच म्हणालास.

आपण रोल्लाच्या बाजारात गेलो ते आठवतं? शारजात दारूचा थेंब मिळत नाही आणि आपण दारूचं सामान तिथनं आणलं, याचं तुला येताना बसमध्ये इतकं हसू आलं की बाजूच्या बाईनं पर्स पोटाशी धरली. नळीचा तुकडा, यीस्टचं पाकीट, आणि माशांच्या टाकीला बाहेरून चिकटवतात ती तापमानाची पट्टी. पट्टी माझ्या हट्टानं. तू म्हणालास, हाताला काय झालंय? पाण्याच्या डिस्पेन्सरची मोठी बाटली घरात होतीच. सुपरमार्केटमधलं बिनदारूचं माल्टचं पेय त्यात ओतलं, साखर घातली, पावाचं यीस्ट घातलं, तोंडाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवलं. तासाभरात बुडबुडे. तू बाटलीसमोर मांडी घालून बसलास, आणि तुझा चेहरा इतका मऊ मी त्याआधी पाहिला नव्हता.

पहिली खेप आपण उष्णतेनं मारली. एसीच्या रिमोटवर वीस होतं, म्हणजे बिअरही वीसला आहे असं तुला वाटत होतं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मलाही. तिसऱ्या दिवशी मी पट्टी एसीखालच्या भिंतीवरून काढून बाटलीला लावली. अठ्ठावीस.

"पट्टी खराब आहे," तू म्हणालास.

"पट्टी बरोबर आहे. रिमोटवर वीस म्हणजे खोलीत वीस नाही. आणि खोलीत असलं तरी बाटलीच्या पोटात नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतः तापतं. आतून भट्टी चालू आहे, इनास."

"मग हा आकडा कशाला दाखवतो भडवा?"

आणि रिमोट भिंतीवर. मागचं झाकण फुटलं, सेल पलंगाखाली गेले. त्यानंतर शेवटपर्यंत तो रिमोट रबरबँडनं बांधलेला होता. बिअर निघाली ती नेलपॉलिशच्या वासाची, सडक्या केळ्यासारखी. मी एक घोट घेऊन थुंकलो. तू पूर्ण प्यायलास, पेल्यामागून पेला, डोळे लाल करून, जणू ती बिअर तुझ्याशी भांडत होती आणि तुला तिला हरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी तू सत्तूर उचलू शकला नाहीस. डोकं दोन्ही हातांत धरून म्हणालास, "आतून कोणीतरी घण घालतंय."

दुसरी खेप थंडीनं मारली.

बाथरूममध्ये जुना टब होता. मोठी बाटली टबात ठेवायची, भोवती पाणी भरायचं आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या सोडायच्या, ही कल्पना माझी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. हळूहळू. फ्रीजरमध्ये जागा करायला तू आईनं पाठवलेले सुके बोंबील बाहेर काढलेस, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. दोनाचं तू ऐकलं नाहीस. असतील नसतील तेवढ्या बाटल्या एकदम टबात कोंबल्यास.

"अरे, हळूहळू."

"तापमान काय, बकरा काय. गच्च दाबून धरला की हलत नाही."

पट्टीवरचे आकडे खाली उतरत गेले आणि मग पट्टी पूर्ण काळी पडली. तिच्यावरचा सगळ्यात लहान आकडा अठरा होता, त्याखाली तिला काही सांगता येत नव्हतं. बुडबुडे थांबले.

"झाली," तू म्हणालास.

"झाली नाही. यीस्ट गारठलंय. मेलेलं नाही, झोपलंय. उरलेली साखर तशीच आत आहे. दोन-तीन दिवस खोलीत राहू दे, परत उठेल, खाईल, मग भरू."

"बी.एस्सी.ला बिअर होती का तुम्हाला?"

"नव्हती, पण..."

"मग खलास."

तू भरलीस. तारेच्या कडीची झाकणं असलेल्या जाड काचेच्या बाटल्या, फेस यावा म्हणून प्रत्येकीत वर आणखी साखर. मी हात लावला नाही, दारात उभा राहून बडबडत राहिलो. झोपलेलं यीस्ट, उरलेली साखर, वरची साखर आणि घट्ट झाकण. पंक्चरच्या दुकानात वाढलेल्या पोराला यापुढचं सांगावं लागत नाही. जास्त हवा भरलेली ट्यूब उन्हात ठेवली की काय होतं, ते मी चालायला लागायच्या आधी ऐकलंय. तसं म्हणालो तर तू म्हणालास, "मग जा परतूरला, पंक्चर काढ."

ते मला लागलं. आपण नीट बोललो नाही बरेच दिवस. बाटल्या कपाटात, एसी रात्रंदिवस चालू, त्या गप्प होत्या आणि आपणही.

मग ती शनिवारची दुपार. सकाळी एसी बंद पडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर "बुकरा, इन्शाल्ला", म्हणजे उद्या, देवानं मनात आणलं तर. जुलैमधलं ते सिमेंटचं घर, दुपारपर्यंत भिंतीला पाठ टेकवेना. आपण दोघांनीही सकाळपासून दोनदा-तीनदा अंघोळ केली. पुढचं सगळं त्या अंघोळीवर आलं.

तिथं न राहिलेल्याला हे सांगावं लागेल. उन्हाळ्यात निळ्या नळाला, म्हणजे गार पाण्याच्या नळाला, गच्चीवरच्या टाकीतलं चटका देणारं पाणी येतं. म्हणून सगळे लोक गिझर बंद ठेवतात. बंद गिझर घराच्या आत, सावलीत, त्यातलं पाणी पडून पडून निवतं. मे ते सप्टेंबर गार पाणी पाहिजे तर लाल नळ उघडायचा. इतकी सवय होते की भारतात सुट्टीला गेलं तरी हात लाल नळाकडे जातो. पण गिझरात पाणी किती मावतं? ते संपलं की लाल नळालाही टाकीतलंच उकळतं येतं. आपण सकाळपासून ते संपवून ठेवलं होतं.

कपाटातून बारीक फुस्स असा आवाज आला. मी म्हणालो, हात लावू नकोस, वरून जाड गोधडी टाकू आणि बाहेर जाऊ. तू ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि सगळ्या बाटल्या उचलून टबात नेऊन उभ्या केल्यास.

"गार पाण्यात ठेवतो. गारठून झोपतात म्हणतोस ना? झोपव."

लाल नळ सोडलास. मी बाथरूमच्या दारात. तू टबावर वाकलास आणि पाणी किती गार आहे ते बघायला, तुझी आई बरणीला लावते तसा, उजवा हात आत घातलास.

मला आवाज आठवत नाही. मला वाटलं आवाज झालाच नाही, फक्त टब उचलला गेला. मग आवाज आला, एकामागून एक, दिवाळीची माळ नव्हे, ट्रकचे टायर. फेस छताला लागला. काच फरशांत घुसली, आरशात घुसली, पडदा उभा चिरला. पांढऱ्या टबात पांढरा फेस आणि मग तो गुलाबी. तू हात वर काढलास आणि बघत राहिलास. तळवा करंगळीच्या बाजूनं उघडा पडला होता. तू रोज जे कापायचास त्याच्या आत जे दिसतं ते तुझ्या आत दिसत होतं, आणि तुला त्याची नावं माहीत होती. पांढरी दोरी तुटलेली होती. तू म्हणालास, अगदी शांत, "ही गेली."

मी टॉवेल गुंडाळला. तो लगेच भरला. दुसरा गुंडाळला. म्हणालो, "चल, खाली टॅक्सी, मी येतो." तू बाथरूमकडे बघितलंस, वास सगळ्या घरात, जिन्यापर्यंत गेला असेल. मग डाव्या हातानं फोन उचललास, कोणाशी तरी दोन वाक्यं बोललास. मला वाटलं टॅक्सीला बोलावलंस.

मग तू मला धरलंस.

कॉलर नाही, गळा. डाव्या हातानं. मी म्हणतोय, "अरे हात वर धर, रक्त जातंय," आणि तू मला पॅसेजमधून फरफटत दाराबाहेर आणलंस. माझी बॅग लाथेनं बाहेर. माझे कपडे खुंटीसकट. लिफ्ट उघडली आणि त्यातून खानचाचा, आपल्या बिल्डिंगचा नातूर, वॉचमन, पेशावरचा म्हातारा, बाहेर आला. आणि तू हिंदीत ओरडायला लागलास. माझ्याशी तू आयुष्यात कधी हिंदीत बोलला नव्हतास.

"निकल! निकल मेरे घर से! आज के बाद इधर दिखा तो टांग तोड दूंगा! तू इधर नहीं रहता, समझा?"

आणि थप्पड. गालावर. मी भिंतीवर आपटलो. मला काहीच कळेना. तुझ्या टॉवेलमधून फरशीवर थेंब पडत होते, तू हसत नव्हतास, ओरडत होतास, आणि खानचाचा हात आडवा धरून "बस, बस" म्हणत होता. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

"मी सांगितलं होतं ना, झाली नाही म्हणून."

तुझा चेहरा बदलला. दुसरी थप्पड मी येताना पाहिलीसुद्धा नाही. कानावर बसली. पूर्ण हाताची, खांद्यापासून आलेली, बुचरची. मी खाली बसलो. त्यानंतर बराच वेळ जगात फक्त शिटी होती. खानचाचानं मला लिफ्टमध्ये घातलं.

हॉस्पिटलमध्ये तू सांगितलंस की माल्टच्या पेयाची बाटली उष्णतेनं हातात फुटली. खोटं काय होतं त्यात? कोणी आलं नाही. पोलीस आले नाहीत, कोणी फ्लॅट बघितला नाही, कोणी विचारलं नाही तिथं आणखी कोण राहतं. मला इतकं फरफटवलंस आणि कुणालाही त्याची गरज पडली नाही.

मी कंपनीच्या खोल्यांत राहायला गेलो. कानाला पट्टी लावून लॅबमध्ये उभा राहायचो आणि तुला मनातल्या मनात मारायचो. रोज. रंगाचा नमुना ढवळताना, बसच्या रांगेत, जेवताना. ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं त्यानं माझा कान घेतला. कधी वाटायचं, हे सगळं मला त्या घरातून, त्या गुन्ह्यातून लांब फेकायला केलंस. हिंदीत ओरडलास ते खानचाचाला ऐकू जावं म्हणून. आणि मग कानात शिटी वाजायची आणि वाटायचं, नाही, हा राग होता. नाटकात एवढं जोरात कोणी मारत नाही.

हॉटेलनं तुला ठेवून घेतलं, पण बुचरीत नाही. सत्तूर धरता येत नव्हता. तुला माल उतरवून घ्यायच्या धक्क्यावर टाकलं, आणि तिथलं काम काय? येणाऱ्या प्रत्येक खोक्यातल्या चिकनमध्ये, मासळीत, थर्मामीटरची सुई खुपसून आकडा बघायचा. इनास, तू! सात-आठ महिन्यांनी तुझा पहिला मेसेज आला. फोटो. कोंबडीच्या छातीत घुसलेली सुई, आकडा चार. खाली लिहिलेलं, "ग्रॅज्युएट, पास?" मी आकडा दोनदा वाचला. मग लिहिलं, "पास." नंतर ते चालू राहिलं. सुरमई, दोन, पास. कोळंबी, नऊ. "परत पाठव." "पाठवली. ड्रायव्हरला पण शिवी दिली." तू माफी मागितली नाहीस, मीही मागितली नाही. तू मला तापमानं पाठवलीस.

भेटायचो तेव्हा तू डाव्या हातानं जेवायचास. मी तुझ्या उजवीकडे बसायचो, म्हणजे माझा चांगला कान तुझ्याकडे. दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. वसईच्या बोर्डाबद्दलही तू परत कधी बोलला नाहीस.

परवा तुझे कपडे आणायला मी त्या फ्लॅटवर गेलो. पांढरा शर्ट पाहिजे, तुझ्या भावानं सांगितलं होतं. कपाटाच्या दारावर कॅलेंडर तेच, जुनं. खाली उतरलो तर खानचाचा खुर्चीतून उठला, मला मिठीत घेतलं आणि रडला. मग म्हणाला, "बेटा, तुम दोनों का झगड़ा फिर मिटा था न?"

मी म्हणालो, "चाचा, वो झगड़ा था क्या, मेरे को आज तक मालूम नहीं."

खानचाचानं माझा दंड धरला. "मालूम नहीं? अरे, उसने मेरे को पहले फोन किया था. बोला, चाचा, जल्दी ऊपर आओ, एक आदमी को निकालता हूँ, तुम देख लेना. मैं बोला, मैं क्या देखूँ? बोला, बस देख लो. कल कोई पूछे तो बोलना, ये लड़का इधर नहीं रहता, मैंने मारके निकाला."

मी शर्टाची पिशवी घेऊन तिथंच पायरीवर बसलो.

"तो वो सब झूठ था? मार?"

खानचाचानं डोळे पुसले आणि मिशीत हसला. "बेटा, मैं पठान आदमी है. मार को पहचानता है. पहला झूठा था. हाथ ढीला था उसका, आवाज़ ज़्यादा, चोट कम. दूसरा..." त्यानं मान हलवली. "दूसरा बिल्कुल सच्चा था. तुमने क्या बोला था उसको?"

इनास, मी हसलो. ज्या बिल्डिंगमधून तू मला फेकलंस तिच्या पायरीवर, मांडीवर तुझा शेवटचा शर्ट घेऊन, मी मोठ्यानं हसलो, आणि लोक थांबून बघायला लागले. एक थप्पड मला वाचवायची आणि एक माझ्या जिभेची. दोन्ही खऱ्या माणसाच्या. एवढी वर्षं मी त्यांतली एकच खरी असणार असं धरून बसलो होतो.

शवागारात त्यांनी झाकण लावण्याआधी थोडा वेळ दिला. एसीनं दात वाजत होते. तुला पांढरा शर्ट घातला होता, गळ्याचं बटण लावलेलं, तू कधी लावलं नसतंस. उजवा हात पोटावर, दोन बोटं सरळ, तशीच. मी तुझा डावा हात उचलला. जड होता. आणि गार. मी कुठलीही पट्टी न लावता हातानं हात बघितला, तुझ्या पद्धतीनं, तुझ्या आईच्या पद्धतीनं. मग खाली वाकलो, माझा उजवा गाल तुझ्या तळव्यापाशी नेला, आणि जोरात, खोलीत दुसरं कोणी आहे याची पर्वा न करता म्हणालो,

"मी सांगितलं होतं ना, झाली नाही म्हणून."

आणि वाट बघितली.

तू हात उचलला नाहीस. तोवर मी सह्या केल्या होत्या, तिकीट बदललं होतं, तुझ्या आईशी फोनवर बोललो होतो. पण तू खरंच गेलास हे मला तेव्हा कळलं.

विमान उतरायला लागलंय. कान दुखतोय. दुखू दे.